देवालयातील जुनी पितळी वाद्ये : कर्ता व काळ कसा ओळखावा?

॥ श्री ॥



जत्रेपूर्वी देवालयाचे भांडार उघडले जाते, समया, तबके, घंगाळी घासूनपुसून बाहेर येतात आणि त्याच वेळी कोपऱ्यात पडलेली जुनी वाद्येही दृष्टीस पडतात. कुठे शिंगाचा अर्धाच तुकडा असतो, कुठे पोचे आलेला कर्णा असतो, कुठे तडा गेलेली घंटा, तर कुठे कळा अडकलेले विलायती बनावटीचे बँडवाद्य. विजेवर चालणारी नगारा-घंटेची यंत्रे आल्यापासून या वाद्यांना हात लावणारे थोडेच उरले आहेत. साहजिकच एक सूचना वारंवार पुढे येते : हे सर्व मोडीत घालावे आणि येणाऱ्या रकमेत नवी वस्तू करावी.

ही सूचना करणाऱ्यांचा हेतू सेवेचाच असतो, यात शंका नाही. परंतु मोडीत घातलेली वस्तू परत येत नाही, आणि तिच्याबरोबर तिच्यावरील लेखही वितळतो. म्हणून निर्णय कोणताही होवो, त्यापूर्वी ती वस्तू कोणी घडविली आणि केव्हा घडविली, हे शक्य तितके ठरविणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे, असे आम्हांस वाटते. हे काम केवळ तज्ज्ञांचे नव्हे. डोळस पाहणी, एक भिंग, मऊ फडके आणि थोडा धीर एवढ्यावर बरेच काही साधते. त्याची पद्धत सांगावी, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

१. प्रथम धातू आणि घडण पाहावी

आपण सरसकट ‘पितळी’ म्हणतो, परंतु सर्वच वाद्ये पितळेची नसतात. पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचा मिश्रधातू. तो पत्र्याच्या रूपात वळविता येतो, ठोकून घडविता येतो. म्हणून शिंग, कर्णा, बिगूल ही फुंकून वाजविण्याची वाद्ये पितळेची अथवा तांब्याची असतात. कासे म्हणजे तांबे व कथील यांचा मिश्रधातू. तो कठीण, ठिसूळ आणि दीर्घकाळ नाद धरणारा असतो. चांगल्या घंटेच्या धातूत कथिलाचे प्रमाण साधारण पाचव्या हिश्शाच्या आसपास असते. म्हणूनच कासे पडले की वाकत नाही, तडकते. तडा गेलेली घंटा ‘बद्द’ वाजते ती याच कारणाने.

लोहचुंबक लावून पाहावा. पितळ, तांबे, कासे यांना तो चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंडी पत्रा असून वर केवळ मुलामा आहे, असे समजावे.

नंतर सांधा शोधावा. हाताने घडविलेल्या नळीत पत्रा गुंडाळून कडा एकमेकींवर आणलेल्या असतात व त्यांना पितळेचाच डाग दिलेला असतो. ही रेघ नळीच्या लांबीभर जाते. काही ठिकाणी कडा दातेरी कापून एकमेकींत अडकविलेल्या दिसतात. वाद्याच्या आतील बाजूने बोट फिरविल्यास मठारकामाच्या, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांच्या खुणा जाणवतात आणि पत्र्याची जाडी जागोजागी कमीजास्त लागते. याउलट यंत्रावर ओढलेल्या नळीला सांधा नसतो व जाडी सर्वत्र सारखी असते. पिवळसर सांधा मूळचा आणि करड्या रंगाचा मऊ डाग बहुधा नंतरच्या दुरुस्तीचा, हा भेदही ध्यानी ठेवावा. एकाच वाद्यात दोन काळ नांदत असतात. भोंगा जुना आणि फुंकण्याची बाजू नवी, असे अनेकदा आढळते.

एक सावधगिरी मात्र हवी. हाताची घडण दिसली म्हणजे वाद्य दोनशे वर्षांचे, असा निष्कर्ष काढू नये. कासाराची हत्यारे व पद्धती पिढ्यानपिढ्या फारशा बदलल्या नाहीत. घडणीवरून ‘कसे केले’ हे कळते, ‘केव्हा केले’ हे एकट्या घडणीवरून क्वचितच कळते.

२. अक्षरे ओतीव की कोरीव?

वाद्यावर अक्षरे आढळली की आपणांस आनंद होतो. परंतु ती वाचण्यापूर्वी ती कशी उमटविली आहेत, हे पाहिले पाहिजे.

घंटेवरील अक्षरे उठावदार, म्हणजे धातूच्या पृष्ठभागातून वर आलेली असतील, तर ती साच्यातच होती. घंटा ओतली त्याच दिवशी तीही जन्मली. अशा लेखातील वर्ष हे घंटेचे स्वतःचे वर्ष होय. परंतु अक्षरे आत खोदलेली असतील, अथवा छिन्नीच्या ठिपक्याठिपक्यांनी काढलेली असतील, तर ती नंतर केव्हाही काढता येतात. ‘अमुक यांजकडून श्रीचरणी अर्पण’ असा कोरीव मजकूर अर्पण केल्याचा दिवस सांगतो, घडविल्याचा नव्हे. भाविकाने आपल्या घरातील वडिलोपार्जित वस्तू देवास वाहिली असेल, तर वस्तू लेखाहून कितीतरी जुनी असेल. त्याचप्रमाणे त्या लेखातील नाव दात्याचे असते. घडविणाऱ्याचे नाव आपल्याकडील वस्तूंवर फार विरळा आढळते.

झिजलेली अक्षरे वाचण्यासाठी धातू घासू नये. पातळ कागद वर ठेवून मऊ पेन्सिलीने हलकेच छायांकन केल्यास डोळ्यांना न दिसणारी वळणेही कागदावर उमटतात. अंधाऱ्या जागी बाजूने विजेरीचा तिरपा प्रकाश टाकून छायाचित्र घेतल्यासही लेख उठून दिसतो.

३. शके व संवत्सर यांचा मेळ

आपल्या भागातील लेखांत बहुधा शालिवाहन शक असतो. शकात ७८ मिळविले असता इसवी सन येतो. वर्ष चैत्रात सुरू होत असल्याने पौष ते फाल्गुन या महिन्यांतील तिथी पुढील इसवी सनातही पडू शकते, तेव्हा ७९ मिळवावे लागतात.

शकासोबत संवत्सराचे नाव असेल, तर लेखाची परीक्षा करण्याचे उत्तम साधन हाती येते. शकात १२ मिळवून ६० ने भागावे. जी बाकी उरेल तितक्या क्रमांकाचे संवत्सर, प्रभवापासून मोजून, त्या वर्षी असते. बाकी शून्य आली तर साठावे, म्हणजे क्षय संवत्सर समजावे.

याचे उदाहरण आपल्या डिचोली तालुक्यातच आहे. नार्वे येथील श्री सप्तकोटीश्वराच्या देवालयाचा जीर्णोद्धार छत्रपती श्रीशिवाजीमहाराजांच्या आज्ञेने सुरू झाला. तेथील शिलालेखात शके १५९० व कीलक संवत्सर असा उल्लेख आहे. १५९० मध्ये ७८ मिळविले असता १६६८ हा इसवी सन येतो. आता परीक्षा पाहू. १५९० अधिक १२ म्हणजे १६०२. त्यास ६० ने भागले असता बाकी ४२ उरते, आणि प्रभवापासून बेचाळिसावे संवत्सर कीलकच होय. शक व संवत्सर एकमेकांची साक्ष देतात.

घंटेवरील अथवा कर्ण्यावरील लेखात असा मेळ बसला नाही, तर एखादा अंक चुकीचा वाचला गेला आहे काय, हे प्रथम तपासावे. झिजलेल्या लेखात १ व ९, तसेच ५ व ६ यांची गल्लत सहज होते. तरीही मेळ बसत नसेल, तर लेख नंतर कोणी अंदाजाने कोरला असण्याचा संभव असतो.

४. घंटा देवालयाहून जुनी असू शकते

‘देवालय अमुक साली बांधले, म्हणून घंटाही त्याच सालची’ असे आपण सहज म्हणतो. हे गृहीत किती फसवे आहे, ते महाराष्ट्रातील दोन प्रसिद्ध घंटा दाखवितात.

नाशिकमध्ये गोदातीरी असलेले नारोशंकराचे देवालय १७४७ साली बांधले गेले. त्याच्या दर्शनी बाजूस टांगलेल्या प्रचंड घंटेचा आवाज इतका दूर जाई, की ‘नारोशंकराची घंटा’ हा मोठ्या आवाजाच्या व्यक्तीसाठी मराठीत वाक्प्रचारच होऊन बसला. या घंटेवर मात्र १७२१ हे वर्ष पोर्तुगीज अक्षरांसह आहे. म्हणजे घंटा देवालयाहून सव्वीस वर्षांनी वडील आहे. वाईजवळ मेणवली येथे नाना फडणवीसांच्या वाड्यालगत घाटावर जी घंटा आहे, तिच्यावर बाल येशूसह मरियेची आकृती असून ती १७०७ सालची आहे. नाना फडणवीसांचा जन्म १७४२ चा. घंटा त्यांच्या जन्माच्याही आधीची झाली.

याचे कारण इतिहासात आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला. तेथील चर्चमधील घंटा विजयचिन्हे म्हणून मराठी मुलखात आल्या व निरनिराळ्या देवालयांत लागल्या. भीमाशंकर येथेही अशी घंटा आहे. त्या घंटांवरची अक्षरे व आकृती कोणी तासून काढल्या नाहीत, म्हणूनच आज त्यांचे वय आणि मूळ ठिकाण आपणांस सांगता येते. हा विचार आम्हांस फार मोलाचा वाटतो. आपल्या पूर्वजांनी त्या घंटा देवासमोर वाजविल्या आणि त्यांवरील परक्या लिपीतील लेखही जपला.

गोव्यात तर घंटा ओतण्याची विद्या जुनी आहे. जुन्या गोव्यातील से कॅथेड्रलची ‘सुवर्णघंटा’ म्हणून ओळखली जाणारी घंटा १६५२ साली कुंकळ्ळी येथे ओतली गेली. तेव्हा रोमन अक्षरे असलेली घंटा दिसली म्हणजे ती युरोपातूनच आली, असेही समजू नये. अशा घंटेवर रोमन अंकांत वर्ष असेल तर ‘एम’ म्हणजे हजार, ‘डी’ म्हणजे पाचशे, ‘सी’ म्हणजे शंभर, ‘एल’ म्हणजे पन्नास व ‘एक्स’ म्हणजे दहा, असे वाचावे. लेखात ‘फेसित’ हा लॅटिन शब्द आढळल्यास त्याचा अर्थ ‘याने केले’ असा होतो. त्याच्या जवळचे नाव हेच बहुधा ओतणाऱ्याचे नाव असते.

५. विलायती बनावटीची फुंकवाद्ये

पालखीपुढे बँड लावण्याची चाल आपल्याकडे रूढ झाली, तेव्हापासून कॉर्नेट, ट्रम्पेट, युफोनियम ही वाद्येही उत्सवाशी जोडली गेली. गोव्यातील चर्चच्या शाळांतून स्वरलेखनासह पाश्चात्य संगीत शिकविले जाई व तेथे तयार झालेले अनेक वादक ब्रिटिश हिंदुस्थानातील बँडांतून नोकरीस जात. त्यांच्यासोबत वाद्येही ये-जा करीत राहिली. अशा वाद्याचा कर्ता व काळ ओळखणे हे शिंग-कर्ण्यापेक्षा पुष्कळ सोपे आहे, कारण कारखानदार आपली मुद्रा त्यावर ठोकीत असत.

प्रथम कळा पाहाव्यात. दाबण्याच्या कळा असलेली यंत्रणा १८१४ च्या सुमारास जर्मनीत निघाली व १८१८ साली श्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल यांना तिची सनद मिळाली. म्हणून कळा असलेले कोणतेही वाद्य त्यापूर्वीचे असूच शकत नाही. बिगुलाला कळा नसतात, त्यामुळे त्यास ही कसोटी लागत नाही.

नंतर भोंग्यावरील मुद्रा वाचावी. तीत नाव, गाव, पत्ता आणि पुष्कळदा क्रमांक असतो. कारखान्याचे नाव हेच काळाचे माप ठरते. उदाहरणार्थ, लंडनच्या ‘बूझी अँड कंपनी’ व ‘हॉक्स अँड सन’ या दोन स्वतंत्र पेढ्या होत्या. १९३० साली त्या एक झाल्या व ‘बूझी अँड हॉक्स’ हे नाव पुढे आले. म्हणून जोडनाव असलेले वाद्य १९३० पूर्वीचे असणार नाही, तर एकेरी नावाचे वाद्य सामान्यतः त्याआधीचे समजावे. फ्रान्समधील ‘क्वेनों’ या कारखान्याच्या अनेक वाद्यांवर ज्वाला निघत असलेल्या हातगोळ्याचे चिन्ह असते व त्यात वर्षाचे शेवटचे दोन अंक दिलेले आढळतात. काही कारखाने प्रदर्शनांत मिळालेल्या पदकांची वर्षे वाद्यावर कोरीत. त्यांतील सर्वांत अलीकडचे वर्ष घ्यावे. वाद्य त्या वर्षाचे अथवा त्यानंतरचे असते, आधीचे कदापि नसते. रुंद बाणाच्या टोकाची खूण असेल, तर ते वाद्य केव्हातरी ब्रिटिश लष्कराच्या मालकीचे होते असे समजावे.

येथेही एक सावधगिरी आहे. मुद्रेवरील नाव नेहमी कारागिराचे नसते. दुकानदार कारखान्याकडून वाद्ये घेऊन त्यांवर स्वतःचे नाव घालीत. शिवाय उत्तर प्रदेशातील मेरठ शहराच्या जली कोठी भागात बँडवाद्ये बनविण्याचा मोठा व्यवसाय आहे व तेथील ‘नादिर अली अँड कंपनी’ ही पेढी १८८५ पासूनची आहे. विलायती नमुन्यावर भारतात घडविलेली वाद्येही आपल्याकडे मुबलक आहेत. ती ‘नक्कल’ म्हणून कमी लेखू नयेत. त्यांनाही आपला इतिहास आहे. केवळ लंडनचे म्हणून त्यांची नोंद होऊ नये, इतकेच.

स्वराचीही एक कसोटी आहे. ब्रिटिश बँडांची जुनी पट्टी आजच्या ४४० कंपनांच्या प्रमाणाहून चढी, सुमारे ४५२ कंपनांची होती. ती वाद्ये बनविणे विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात थांबले. एखादे वाद्य जाणत्याने फुंकल्यावर हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराच्या जवळजवळ निम्म्याने चढे लागत असेल, तर ते त्या जुन्या पट्टीचे असण्याचा संभव आहे. मोबाइलवरील स्वरमापकानेही हे पाहता येते. मात्र नळी कापलेली अथवा मुखनळी बदललेली असल्यास हा पुरावा लंगडा पडतो.

६. शिंग, कर्णा आणि अनाम कासार

आपल्या शिंगावर व कर्ण्यावर मुद्रा नसते, क्रमांक नसतो, पत्ता नसतो. मग कर्ता कसा शोधावा? याचे उत्तर वाद्यावर नव्हे, दप्तरात असते.

देवस्थानच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्यांत ‘शिंगास डाग दिला’, ‘कासारास मजुरी’, ‘नवीन कर्णा’ अशा प्रकारच्या नोंदी शोधाव्यात. अशी एक ओळ मिळाली, तर वाद्याला काळ मिळतो आणि कधी कधी कारागिराचे नावही मिळते. वहीवर वर्ष नसेल, तरी तिच्यातील नाणी बोलतात. पोर्तुगीज अमदानीत येथे रुपया व तांगा यांचा व्यवहार होता, एका रुपयास सोळा तांगा. १९५८ साली त्यांच्या जागी एस्कुदो आला आणि डिसेंबर १९६१ मधील मुक्तीनंतर भारतीय रुपया आला. म्हणजे एस्कुदोत लिहिलेला खर्च त्या अल्पशा मधल्या काळातलाच. लिपीही बोलते. मोडीतील वह्या वाचणारे जाणकार आज थोडे आहेत. त्यांचे साहाय्य घेण्यास विलंब करू नये.

पेडणे १७८८ साली व डिचोली त्याच्या थोडे आधी पोर्तुगीज अमलाखाली आली. तोपर्यंतचा आपला व्यवहार सावंतवाडीकडील मुलखाशी जडलेला होता, आणि त्यानंतरही सोयरीक, जत्रा, दशावतार यांच्या वाटेने तो चालूच राहिला. म्हणून एखाद्या शिंगाची घडण पलीकडच्या देवालयातील शिंगाशी जुळली, तर नवल मानू नये. दोन्हींची छायाचित्रे शेजारी ठेवून मापे ताडून पाहावीत. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या वाद्यांचा मोठा संग्रह आहे. तेथील वाद्यांशीही तुलना करता येते.

कासाराचे नाव न मिळाले, तरी त्याचे काम समोर असते. सांधा किती सरळ आहे, गाठ किती घट्ट आहे, भोंगा किती समान उघडला आहे, यांतून त्याचा हात ओळखू येतो. जोडीतील दोन शिंगे एकाच हाताची आहेत की एक मागाहून करविले, हेही असेच कळते. नाव नसलेल्या या सेवेकऱ्याची तेवढी दखल आपण घ्यावी.

७. नोंद कशी करावी

नोंद करताना माहितीचे तीन भाग वेगळे ठेवावेत. पहिला, वस्तूवर प्रत्यक्ष दिसते ते : लेख, मुद्रा, मापे, वजन, सांधे, दुरुस्त्या. दुसरा, त्यावरून निघणारा निष्कर्ष : ‘१९३० नंतरचे’, ‘अर्पण शके अमुक, घडण त्याआधीची’. तिसरा, परंपरेने सांगितले जाते ते, सांगणाऱ्याच्या वयासह. तिसऱ्या भागातील गोष्ट पहिल्या भागात घुसली, की पुढील पिढीस खरे-खोटे निवडता येत नाही. ‘फार प्राचीन’ हे शब्द नोंदवहीत लिहू नयेत. त्यांचा कोणास उपयोग होत नाही.

वाद्य स्वच्छ करताना प्रथम कोरडे मऊ फडके वापरावे. चिंच, आमसूल, राख वा बाजारातील चूर्णे ही समया व तबकांसाठी ठीक आहेत. लेख असलेल्या वस्तूस ती लावू नयेत. बफिंगच्या चाकावर तर मुळीच देऊ नये. झगमगाट एका जत्रेपुरता राहतो, झिजलेले अक्षर कायमचे जाते. तसेच जुन्या वाद्यावर नव्या दात्याचे नाव कोरण्याची प्रथा थांबवावी. दात्याचा सन्मान नोंदवहीत व फलकावर करता येतो.

कायद्याचीही जाण असावी. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ यानुसार शंभर वर्षांहून कमी नसलेली कारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते व अशी वस्तू खाजगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे वयाचा प्रश्न हा केवळ कुतूहलाचा नाही. जुन्या वस्तू शोधीत फिरणारे खरेदीदार वजनाच्या भावाने पितळ मागतात, तेव्हा ते काय मागत आहेत हे आपणांस ठाऊक असले पाहिजे. शिवाय १९३३ च्या माझानिया नियमावलीखाली चालणाऱ्या देवस्थानांत मालमत्ता ही समस्त महाजनांची असते. तिचा हिशेब यादीवरूनच लागतो, आणि यादीत ‘पितळी वाद्य, एक नग’ एवढेच लिहिलेले असेल, तर बदलून ठेवलेली वस्तूही ओळखू येणार नाही.

८. विनंती

वरील सर्व विचार करून समितीची महाजनांस नम्र सूचना आहे, की भांडारातील कोणतेही वाद्य, तुटलेले असले तरी, वरील पद्धतीने नोंद, मोजमाप व छायाचित्रे झाल्याखेरीज मोडीत घालण्याचा ठराव आमसभेपुढे येऊ नये. नोंद झाल्यानंतर ज्यावर लेख नाही, ज्याची वहीत नोंद नाही व जे अलीकडचे ठरले, त्याविषयी आमसभेने खुशाल निर्णय घ्यावा. त्यास आमची हरकत असणार नाही.

ज्यांच्या घरी पूर्वीच्या वाजंत्र्यांची, शिंगकऱ्यांची वा बँडवादकांची वाद्ये, जुन्या पावत्या, छायाचित्रे किंवा वह्या असतील, त्यांनी त्या पाहण्यासाठी उपलब्ध कराव्यात. मूळ वस्तू देण्याची आवश्यकता नाही. समितीचे सेवेकरी घरी येऊन छायाचित्र घेतील. मोडी अथवा पोर्तुगीज वाचता येणाऱ्या भाविकांनी आपली सेवा या कार्यास द्यावी. आणि ज्या वृद्ध मंडळींनी शिंग-कर्णा प्रत्यक्ष वाजविला आहे, त्यांनी एकदा भांडारात येऊन ही वाद्ये हाती घ्यावीत, ही आमची विशेष विनंती. कोणते वाद्य कोणत्या प्रसंगी, पालखीच्या कोणत्या वळणावर वाजत असे, हे कोणत्याही मुद्रेत लिहिलेले नसते. ते सांगणारी माणसे आज आपल्यात आहेत, तोवरच ते लिहून घेता येईल.

श्रीकृपेने हे कार्य आपणा सर्वांच्या सहकार्याने सिद्धीस जावो, ही श्रीचरणी प्रार्थना.

आपला नम्र,
सचिव, देवस्थान समिती